धागा: इंदूर जिल्हा ९-०, पण वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं?

वहीवाला (इंदूर, रामबाग)

नमस्कार मंडळी.

आमच्या घरी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. बाबा मिलमध्ये हिशेबाच्या टेबलावर होते. १९७७ पासून प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा निकाल त्यांनी त्यात स्वतःच्या हाताने उतरवला. सुरुवातीला रेडिओसमोर बसून, नंतर दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र मांडीवर घेऊन. रकाने चारच: जिल्हा, जागा, पक्ष, शेरा. २०१८ चं पान त्यांच्या अक्षरातलं शेवटचं. २०२३ चं पान मला लिहायचं होतं आणि ते इतके दिवस कोरंच राहिलं. आता लिहायला घेतलंय, आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी अडलोय. म्हणून हा धागा.

राज्याचं, म्हणजे मध्य प्रदेशचं, आधी. १७ नोव्हेंबर २०२३ ला मतदान, ३ डिसेंबरला मोजणी. २३० पैकी भाजप १६३, काँग्रेस ६६, आणि रतलाम जिल्ह्यातल्या सैलान्याची एक जागा भारत आदिवासी पार्टीची. त्याआधी २०१८ मध्ये काँग्रेस ११४, भाजप १०९, बसप २, सप १, अपक्ष ४.

आता आपला जिल्हा. नऊ जागा: शहरातल्या इंदूर १ ते ५, मग राऊ, महू, देपालपूर आणि सांवेर. २०१३ मध्ये भाजप ८, काँग्रेस १ (राऊ). २०१८ मध्ये भाजप ५, काँग्रेस ४. २०२३ मध्ये भाजप ९, काँग्रेस शून्य. वहीच्या दृष्टीने एक ओळ झाली, पान उलटायचं.

पण मला ते पटत नाही. या नऊच्या आकड्यात दोन नंबर (म्हणजे इंदूर २) आहे, जिथे रमेश मेंदोला १,०७,०४७ मतांनी जिंकले, राज्यातलं सगळ्यात मोठं मताधिक्य. त्याच नऊमध्ये तीन नंबर आहे, जिथे फरक पावणेपंधरा हजारांचा आहे. दोन्हीला वहीत एकच उभी रेघ!

म्हणून शेऱ्याच्या जागी मताधिक्य लिहायला लागलो. तीन नंबर: सुमारे १४,७००. पाच नंबर: सुमारे १५,६००. वाटलं, दोन्ही सारख्याच अटीतटीच्या. मग मतदारसंख्या पाहिली. पाच नंबरात मतदार चार लाखांच्या वर, तीन नंबरात दोन लाखांच्या आत. पाच नंबरात पहिल्या दोघांचीच मतं मिळून पावणेतीन लाखांच्या घरात जातात. म्हणजे तिथला पंधरा हजारांचा फरक शंभर मतांमागे साधारण साडेपाच मतांचा. तीन नंबरात एकूण मतदानच कमी, त्यामुळे जवळजवळ तेवढाच फरक शंभरामागे दहाच्या पुढे जातो. एकाच शहरात, एकाच दिवशी, जवळजवळ तोच आकडा, आणि अर्थ दुप्पट वेगळा. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतो.

तर माझा प्रश्न असा: जिल्हानिहाय निकाल लिहिताना शेऱ्यात काय यावं? जाणकारांनी सांगावं. कोणता पक्ष चांगला, कोणता वाईट, हे कृपया इथे नको.

---

पलासियावाले काका (इंदूर)

छान विषय. मोजणीच्या ड्युटीवर मी अनेक वर्षं बसलोय, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तीन नंबर आणि पाच नंबर इतके विषम का, ते आधी समजून घ्या. आजचे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतले आहेत आणि त्यासाठी २००१ ची जनगणना धरलेली होती. तीन नंबर म्हणजे राजवाड्याच्या आसपासचं जुनं शहर. तिथे नवीन माणूस राहायला येत नाही, उलट घरांची दुकानं होतात आणि पोरं बाहेरच्या कॉलन्यांत जातात. पाच नंबर पूर्वेकडे पसरत गेला. रेषा तिथेच, माणसं हलली. राऊ तर २००८ च्या आधी मतदारसंघ म्हणून नव्हताच.

दुसरी गोष्ट, तुम्ही टीव्हीवर सकाळी जी आघाडी बघता त्याबद्दल. आठ वाजता टपाली मतं उघडतात, साडेआठच्या सुमारास मशीनं. एका विधानसभेला साधारण चौदा टेबलं लावतात. चौदा मशीनं मोजली की एक राउंड. मशीनं केंद्रांच्या क्रमांकाने येतात, म्हणजे पहिले राउंड हे मतदारसंघाच्या एका टोकाचे असतात, शेवटचे दुसऱ्या टोकाचे. सकाळी दहाला 'अमुक पुढे' असं जे दिसतं ते पुष्कळदा फक्त भूगोल असतं. नेहरू स्टेडियमच्या बाहेर ढोल वाजायला लागायचे, आत आमच्या टेबलावरचे प्रतिनिधी शांत बसलेले असायचे, कारण त्यांना माहीत असायचं की आपली वस्ती अजून यायची आहे. शेवटी प्रत्येक मतदारसंघातली पाच केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर मशीन छापतं त्या, चिठ्ठ्या हाताने मोजतात. तोवर पाठीचा काटा मोडलेला असतो, पण त्या वेळी टेबलाभोवती जी शांतता असते ती मी देवळातही पाहिलेली नाही.

तुमच्या वहीसाठी सांगतो, खरा माल 'फॉर्म २०' मध्ये असतो. केंद्रवार मतं. तुमच्या गल्लीतल्या शाळेत कोणाला किती पडली ते कळतं. जिल्ह्याची बेरीज सगळ्यात शेवटी करा, आधी नको.

---

पहिलंमत (इंदूर)

मी २०२३ ला पहिल्यांदा मत दिलं. माझा साधा प्रश्न: शेवटी सरकार तर जागांवरच बनतं ना? मग ९-० ला ९-० म्हणण्यात चूक काय? फुटबॉलमध्ये गोल मोजतात, चेंडू कोणाकडे किती वेळ होता ते नाही.

---

वहीवाला

प्रश्न अगदी रास्त आहे. सरकार जागांवर बनतं, त्यात वाद नाही, आणि जागांचा रकाना मी काढत नाहीये.

पण २०१८ बघ. भाजपला ४१.०२ टक्के मतं, काँग्रेसला ४०.८९. मतं भाजपला किंचित जास्त, जागा काँग्रेसला पाच जास्त. २०२३ मध्ये भाजप ४८.५५, काँग्रेस ४०.४०. काँग्रेसची मतं अर्ध्या टक्क्याने घसरली आणि जागा ११४ वरून ६६ वर आल्या. फक्त जागा बघणारा म्हणेल की काँग्रेसचा मतदार पळून गेला. तो बऱ्यापैकी जागेवरच होता. भाजपची बेरीज साडेसात टक्क्यांनी वाढली. बसप, सप आणि अपक्षांकडे जाणारी मतं आटली. पुढच्या वेळी काय होईल याचा अंदाज घ्यायचा तर हे माहीत हवं, नाहीतर आपण दर पाच वर्षांनी 'लाट आली, लाट गेली' एवढंच म्हणत राहू.

---

लष्करकर (ग्वाल्हेर)

इंदूरकरांनो, शंभरामागे पाच मतांवर झोप उडते तुमची, आम्ही काय करावं? आमचा ग्वाल्हेर दक्षिण, ज्यात आपली लष्कर भागातली मराठी घरं, २०१८ मध्ये १२१ मतांनी ठरला. प्रवीण पाठक जिंकले, नारायणसिंह कुशवाह हरले. आमच्या वाड्यातच दोन्ही मजले मिळून पंचवीस मतं आहेत. असे पाच वाडे फिरले असते तर आमदार बदलला असता. २०२३ मध्ये तेच दोघं समोरासमोर आणि कुशवाह अडीच हजारांच्या आसपास मतांनी आले.

जिल्ह्याचं म्हणाल तर सहा जागा: २०१८ ला काँग्रेस ५, भाजप १. २०२३ ला ३-३. राज्यभर भाजप १६३ वर गेला तेव्हाही आमच्या जिल्ह्यात बरोबरी. म्हणून माझं मत, राज्याचा वारा बघून जिल्हा लिहू नका. आणि जिल्ह्याचा बघून वॉर्ड लिहू नका.

वहीवाले, २०१८ च्या पानावर बाबांनी ग्वाल्हेरचं काय लिहिलंय, बघून सांगाल का?

---

महूची सून (महू)

आमच्या महूला सगळे विसरतात म्हणून लिहिते. मतदारसंघाचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर-महू. बाबासाहेबांचं जन्मस्थान, त्यामुळे १४ एप्रिलला इथे पाय ठेवायला जागा नसते.

वहीसाठी दोन सूचना. एक, महू इंदूर जिल्ह्यात आहे पण लोकसभेला धारमध्ये. इंदूर लोकसभेत जिल्ह्यातल्या नऊपैकी आठच विधानसभा येतात. लोकसभा आणि विधानसभेचे आकडे शेजारी मांडताना लोक नेहमी इथे फसतात. आमच्या भाच्याने कॉलेजच्या प्रकल्पात हीच चूक केली होती आणि बेरीज काही केल्या जुळेना.

दोन, २०२३ मध्ये महूत उषा ठाकूर जिंकल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेस नव्हतीच. अपक्ष अंतरसिंह दरबार होते, जे आधी काँग्रेसचेच आमदार राहिलेले. काँग्रेसचा उमेदवार तिसरा. आता तुमच्या वहीत 'भाजप' एवढंच येणार. हरलेल्यांत कोण कुठे होता हे आलं नाही तर महूची गोष्टच आली नाही. पण लोक करतात तसं 'दरबारांची आणि काँग्रेसची मतं मिळवली असती तर' असं गणितही मांडू नका. दरबारांना मत देणाऱ्यांत असे कितीतरी होते जे पंजासमोरचं बटण दाबणार नव्हते. मतं ही काही गूळ-पोहे नाहीत, एका भांड्यात कालवायला.

आणि मतदारसंख्येचा रकाना लिहिताना याद्यांवर फार विसंबू नका. माझ्या सासूबाईंचं नाव एका निवडणुकीत यादीतून गळलं होतं. चाळीस वर्षं मत देणारी बाई केंद्रावरून परत आली, आणि त्या दिवशी घरी कोणाशी बोलली नाही. पुन्हा अर्ज भरून नाव आलं, पण ते मत गेलं ते गेलंच.

---

बऱ्हाणपूरकर (बऱ्हाणपूर)

आमच्याकडे जळगावचं वर्तमानपत्र आधी येतं आणि भोपाळची बातमी नंतर, त्यामुळे दोन्ही राज्यांचं राजकारण चहाबरोबर होतं. थोडक्यात लिहितो.

बऱ्हाणपूर जिल्हा, दोन जागा. २०१८: बऱ्हाणपूरला अर्चना चिटणीस पाचेक हजार मतांनी हरल्या, अपक्ष सुरेंद्रसिंह शेरा जिंकले. नेपानगर काँग्रेसला. म्हणजे भाजप शून्य. २०२३: दोन्ही भाजप. कागदावर शून्यावरून शंभर टक्के. पण मधे २०२० आहे! नेपानगरच्या काँग्रेस आमदार सुमित्रा कास्डेकर पक्ष सोडून भाजपमध्ये गेल्या आणि पोटनिवडणूक जिंकल्या. ती ओळ वहीत नसेल तर मधली पायरीच गायब. आणि २०२३ ला तेच शेरा, जे अपक्ष म्हणून जिंकले होते, काँग्रेसच्या चिन्हावर उभे होते, तर भाजपचा बंडखोर अपक्ष म्हणून मैदानात. पक्षाच्या रकान्यातलं नाव तेच राहतं, माणसं इकडून तिकडे जातात.

अजून एक. जुन्या पानांवर बऱ्हाणपूर शोधू नका, सापडणार नाही. २००३ पर्यंत आम्ही पूर्व निमाडात, म्हणजे खंडव्यात होतो.

---

वहीवाला

बऱ्हाणपूरकर, तुम्ही दुखरी नस दाबलीत. काल रात्री तेच करत बसलो होतो. १९९८ च्या पानावर झाबुआ आहे, अलीराजपूर नाही, कारण तो जिल्हा २००८ चा. शाजापूर आहे, आगर नाही, तो २०१३ चा. आणि एकूण जागा ३२०, कारण छत्तीसगड अजून आपल्यातच. १९९० मध्ये भाजप २२० हा आकडा पाहून आज कोणी म्हणेल की २३० पैकी २२०! ३२० पैकी २२० होते ते. बाबांनी २००० सालानंतरच्या पहिल्या पानावर, म्हणजे २००३ च्या, वरच्या कोपऱ्यात 'आता २३०' असं लिहून चौकट केली आहे. लहानपणी मला वाटायचं ते कसलं तरी बिल आहे.

पोटनिवडणुकांचा मुद्दा सांवेरलाही लागू. तुलसी सिलावट २०१८ मध्ये काँग्रेसकडून जेमतेम तीन हजारांनी जिंकले. २०२० च्या पोटनिवडणुकीत भाजपकडून पन्नास हजारांच्या पुढे, २०२३ ला त्याहून जास्त. माणूस तोच, गावं तीच. म्हणजे २०२३ च्या मतदानाला जाताना आपला जिल्हा ५-४ नव्हताच, ६-३ होता. मी '५ वरून ९' असं लिहिणार होतो. आता '५, मग ६, मग ९' लिहीन.

---

मांडवीकर (बडोदा)

इंदूरच्या धाग्यात बडोद्याचा शिरकाव, चालवून घ्या. आपण सगळे संस्थानांची मुलं.

आमच्याकडे २०२२ ला गुजरातमध्ये १८२ पैकी भाजप १५६, काँग्रेस १७, आप ५, अपक्ष ३, सप १. भाजपची मतं साडेबावन्न टक्क्यांच्या आसपास. बडोदा जिल्ह्यात दहा जागा: भाजप ९, एक अपक्ष. तो अपक्ष वाघोडियाचा, धर्मेंद्रसिंह वाघेला, मूळचे भाजपचेच, तिकीट न मिळाल्याने वेगळे उभे राहिलेले. नंतर ते भाजपमध्ये परतले आणि २०२४ च्या पोटनिवडणुकीत त्याच चिन्हावर निवडून आले. ९ च्या शेजारी लिहिलेला १ म्हणजे विरोधी पक्ष असं कोणी समजू नये, म्हणून सांगितलं.

आणि जिल्ह्याचं तुमच्यासारखंच: २०१३ मध्ये छोटा उदेपूर वेगळा झाला. आधी तेरा जागा, आता दहा. दोन निवडणुकांत 'बडोदा जिल्हा' हे शब्द तेच, जमीन वेगळी.

---

पहिलंमत

बरं, पटतंय थोडंथोडं. मग मराठी मतांचं काय? इंदूरमध्ये आपली एवढी घरं, सुमित्राताई महाजन आठ वेळा खासदार. विधानसभेत मराठी माणूस कोणाला देतो ते वहीत येतं का?

---

पलासियावाले काका

बाळा, ते कुठल्याच फॉर्मात नसतं, आणि नसावं. मत गुप्त आहे. राजेंद्रनगरचा मराठी माणूस राऊला मत देतो, रामबागेतला तीन नंबरला, माझं घर पाच नंबरात. नकाशावर आपला एक ठिपका नाही, शिंतोडे आहेत. कुठल्या केंद्रावर मराठी घरं जास्त म्हणून तिथली मतं मराठी, असं म्हणणं म्हणजे शेजारच्या मालवी, गुजराती, सिंधी घरांना पुसून टाकणं. मी हा खेळ पुष्कळांना खेळताना पाहिलाय.

ताईंचं म्हणशील तर एक आठवण. सुमित्राताई १९८९ मध्ये प्रकाशचंद्र सेठींना हरवून लोकसभेत गेल्या ते सगळ्यांना ठाऊक. त्याआधी १९८५ मध्ये त्या विधानसभेला तीन नंबरातून उभ्या होत्या आणि महेश जोशींकडून हरल्या होत्या. २०२३ मध्ये त्याच तीन नंबरात काँग्रेसचे उमेदवार महेश जोशींचे चिरंजीव होते, ते हरले. तीन नंबर कोणाची जहागीर नाही. १९९८, २००३, २००८ ला काँग्रेसचे अश्विन जोशी, २०१३ पासून भाजप, आणि २०१८ ला तर फरक सहा हजारांच्याही आत. चार नंबरसारखी ती गोष्ट नाही, जिथे १९९० पासून भाजप हललेलाच नाही. आणि दोन नंबर, आज लाखाच्या मताधिक्याचा, तो गिरणगाव होता. कम्युनिस्ट पुढारी होमी दाजींच्या लाल झेंड्याचं इंदूर. मिल बंद पडल्या, भोंगे थांबले, आणि त्याच परदेशीपुऱ्यात राजकारण पूर्ण पालटलं. हुकुमचंद मिलच्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, मिल बंद झाली १९९१ ला. तुझ्या पिढीला ते मताधिक्य दिसतं, आम्हाला त्याखालचा भोंगा ऐकू येतो.

---

महूची सून

काका, हे वाचून डोळे भरले. माझे वडील मालवा मिलमध्ये होते.

---

लष्करकर

वहीवाले, माझा प्रश्न राहिला हो. २०१८ चं पान?

---

वहीवाला

क्षमा करा, उशीर झाला. आज आईने वही कपाटातून काढून दिली, आम्ही दोघांनी मिळून पाहिलं.

आता २०२३ चं पान असं आखलंय: मतदारसंघ, मतदार, पहिला, दुसरा, फरक, शंभरामागे फरक, मधली पोटनिवडणूक. जिल्ह्याची बेरीज तळाला, लहान अक्षरात. महूच्या ओळीत दुसऱ्या क्रमांकावर 'अपक्ष' लिहिलंय. राऊच्या ओळीत मधु वर्मा २०१८ ला पाच हजार सातशेंनी हरले आणि २०२३ ला पस्तीस हजारांनी जिंकले, समोर दोन्ही वेळा जीतू पटवारी, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवलेत. बाकीचे जिल्हे हळूहळू भरतोय.

आणि लष्करकर, तुमचं पान. बाबा मताधिक्य लिहीत नसत असं मी धरून चाललो होतो, ते चूक होतं. २०१८ च्या पानावर ग्वाल्हेरच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, लाल शाईने '१२१' लिहिलंय आणि खाली दोन रेघा. मग आईने बोट ठेवून दाखवलं, इंदूरच्या ओळीतही आहे: 'पाच नं. १,१३३', खाली एक रेघ. महेंद्र हार्डिया तेव्हा सत्यनारायण पटेलांकडून तेवढ्याच मतांनी वाचले होते. इतकी वर्षं मी फक्त जागांचा रकाना वाचत आलो.

२०२३ ला शाजापूर २८ मतांनी ठरलं. अरुण भीमावद जिंकले, हुकुमसिंह कराडा हरले. बाबांचं लाल पेन वहीच्या खिशातच होतं, झटकल्यावर चाललं. २८ खाली दोन रेघा मारल्या.